मैनेचं फुटेज

माणसानं दारावर नाव लावावं, ताटवाटीवर नाव घालावं, फार तर मोटारसायकलच्या मागं लेकीचं नाव लिहून घ्यावं. पण यंत्राच्या पोटात शिरून तिथं स्वतःचं नाव लिहायला जाऊ नये. हे मी ऐकीव सांगत नाही. बीडला आमचं भांड्यांचं दुकान आहे आणि भांड्यावर नाव घालायचं काम मी स्वतः करतो. माझं अक्षर इतकं वळणदार, की लोक आहेराची भांडी दुसऱ्या दुकानातून घेतात आणि नाव घालायला माझ्याकडे आणतात. त्यावर मी त्यांना काय म्हणतो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तर असा मी, केदारनाथ हालगे, नावं घालण्यातला दर्दी. आणि माझ्याच घरच्या कॅमेऱ्याच्या चित्रावर कोपऱ्यात इंग्रजीत काय लिहून यायचं, तर 'कॅम वन'. कोण हा कॅम वन? घर माझं, भिंत माझी, वीजबिल माझं.

आमच्या गल्लीत कॅमेरा हा एकच. त्याचं चित्र साठवणारा डीव्हीआर नावाचा डबा आमच्या बैठकीत टीव्हीखाली असतो. मूळ डबा साधा होता; आठवड्याचं साठवायचा आणि पुढं विसरायचा. पण माझा मेहुणा प्रविण वाळूजला कारखान्यात आहे, आणि चालू वस्तू खोलून बघितल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नाही. दिवाळीला आला तेव्हा त्यानं डबा खोलला. आत भली मोठी डिस्क बसवली, कंपनीचं सॉफ्टवेअर बाजूला सारलं, स्वतःचं घातलं आणि ते नखाएवढ्या कार्डात भरून डब्याच्या पाठीत खोचलं. जाताना म्हणाला, "दाजी, सगळ्या सेटिंगा त्या कार्डातल्या एका फाइलीत हायेत. कार्ड लॅपटॉपला लावलं की दिसतात. पण तुमी तिला हात लावू नका."

आता तुम्हीच सांगा, हे सांगायची काही गरज होती का? न बोलता गेला असता तर अशी काही फाईल असते हेही मला कळलं नसतं.

सोमवारी दुकान बंद असतं. दिवेलागणीला मी ते कार्ड काढून लॅपटॉपला लावलं आणि फाईल उघडली. इंग्रजी ओळींचं रान माजलेलं. त्यात तो 'कॅम वन' लपून बसला होता. तो खोडला आणि तिथं शुद्ध मराठीत 'श्री. केदारनाथ मन्मथआप्पा हालगे, बीड' असं टाकलं. सेव करायला गेलो तर लॅपटॉपनं एक चौकट आडवी घातली. म्हणे ही अक्षरं अशीच राहायला हवी असतील तर वेगळ्या पद्धतीनं सेव करा. मी मनात म्हटलं, राहायला हवी म्हणजे काय, त्यासाठीच तर एवढा खटाटोप. त्यानं सुचवली ती पद्धत निवडली, कार्ड पुन्हा डब्यात खोचलं आणि बटण दाबलं.

टीव्हीवर चिन्ह आलं. डबा 'टिंग' म्हणाला. पडदा काळा झाला. पुन्हा चिन्ह, पुन्हा टिंग, पुन्हा काळा. मला आधी वाटलं, नाव मोठं आहे, वाचायला वेळ लागत असेल. पण टिंग काही थांबेना. आतून आमची मंजुषा ओरडली, "अहो, दारात कोण आलंय बघा, केव्हाची घंटी वाजवतंय!"

घंटी कुणी वाजवत नव्हतं, पण दारात खरंच कुणीतरी होतं. छबुबाई होती. गल्लीच्या टोकाला राहते, नवरा वारल्यापासून शिवणकाम करते आणि मैना नावाची एक शेळी पाळते. मैनेची आई विताना दगावली, तेव्हा छबुबाईनं त्या पिलाला बाटलीनं दूध पाजून जगवलं. आता मैना स्वतःच गाभण होती, दिवस भरलेली. छबुबाईच्या हातात तुटलेलं दावं होतं.

"आप्पा, माजी मैना न्हाई. दुपारी भिताडाच्या सावलीला बांधलती. मी कापडं द्यायला गेलते, आले तर हे आसं. तुमचा क्यामेरा समदं बगतोय की! लावा बरं."

"टिंग," डबा म्हणाला.

आमची गल्ली एरवी एकदम गोळा होते ती फक्त नळाला पाणी आल्यावर, म्हणजे क्वचितच. त्या संध्याकाळी पाणी नसताना गोळा झाली. सगळ्यात पुढं विजयसिंह परदेशी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, दारात जुनी जीप आहे, आणि त्यांना न समजणारा विषय अजून निघायचा आहे. मी घाईघाईनं फाइलीतून माझं नाव काढलं, तो मेला 'कॅम वन' होता तसा लिहिला, सेव केलं, कार्ड लावलं. टिंग.  चूक सुधारली तरी चूक जात नाही, म्हणजे आता काय करायचं माणसानं?

"केदारनाथराव, कार्डामुळंच होतंय ना हे?" विजयसिंह म्हणाले. "मग कार्डच काढा. रोगाचं मूळ उपटायचं!"

बोलणं पटण्यासारखं होतं, आणि माझी मती त्या वेळी कुणाचंही पटवून घ्यायला तयार होती. कार्ड काढलं. टिंग थांबलं. कंपनीचं जुनं सॉफ्टवेअर जागं झालं, त्यानं प्रविणची डिस्क पाहिली, आणि सासरच्या माणसानं माहेरच्या पाहुण्याकडे बघावं तसं तोंड करून इंग्रजीत विचारलं, 'डिस्क ओळखीची नाही. फॉरमॅट करायची?' खाली 'हो' ठळक निळं, आणि 'नाही' इतकं पुसट की म्हातारपणी दिसलंही नसतं.

"फॉरमॅट म्हंजे?" छबुबाईनं विचारलं.

"म्हणजे सगळं पुसायचं," मी म्हणालो.

"मंग पुसा की आप्पा. धूळ बसली आसंल."

मी तिला समजावून सांगेपर्यंत विजयसिंहांनी माउस हातात घेतला होता. "बँकेत असंच असतं. 'हो' म्हटल्याशिवाय पुढं जाता येत नाही," असं म्हणत त्यांनी बाण निळ्या 'हो'वर नेला.  त्या डिस्कवर मैनेची दुपार होती, आणि ती दुपार विजयसिंहांच्या तर्जनीखाली आली होती. तेवढ्यात मंजुषा आली, तिनं वायर धरून माउस डब्यातून उपटला, विजयसिंहांच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली, "प्रविणचा फोन लागेपर्यंत हा पिठाच्या डब्यात राहील." आणि खरोखरच नेऊन ठेवला.

प्रविण दुसऱ्या पाळीला होता. कारखान्याच्या फाटकावर फोन जमा करावे लागतात. म्हणजे ज्या माणसाला सगळं कळतं त्याचा फोन पेटीत, आणि ज्यांना काही कळत नाही त्यांची तोंडं मोकळी.

इथवर नुसती फजिती होती. पण आता तानाजी आला. तानाजी हा छबुबाईचा चुलत दीर, भिंतीला भिंत लागून राहतो. मैनेनं त्याची लिंबाची रोपं दोनदा शेंड्यापासून खाल्ली होती, आणि मागच्याच आठवड्यात तो गल्लीत उभा राहून ओरडला होता, "एक दिस हिला बाजार दाखवतो का न्हाई बग!" त्या दुपारी तो मोटारसायकलवर पोतं बांधून गेवराईकडे गेलेला अनेकांनी पाहिला होता.

"ह्यानंच नेली!" छबुबाई म्हणाली. "पोत्यात घालून नेली माज्या लेकराला!"

"वहिनी, पोत्यात शेळी मावती का? आन ती बी गाभण?"

"मावत न्हाई म्हणून कोंबली आसशील!"

तानाजीचा चेहरा उतरला.  मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आप्पा, लावा तुमचा क्यामेरा. चार दिसांनी माझ्या पोरीला बगायला पाव्हणे येतेत तवा लोकं सांगतील, शेळीचोराचं घर हे. लावा. आत्ता लावा."

त्या दोघांचं वर्षानुवर्षांत पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकमत झालं होतं, आणि ती गोष्ट नेमकी माझ्याकडे नव्हती. मी म्हणालो, बिघाड आहे. तानाजी म्हणाला, "काल तर चालू हुता. कावून बिघडला?" तेव्हा विजयसिंहांनी माझ्या वतीनं साऱ्या गल्लीला खुलासा केला, "स्वतःचं नाव घालत होते." कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणीच हसलं नाही. त्या रात्री माझ्या पानातली भाकरी तशीच राहिली. मंजुषा काही बोलली नाही, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको काही बोलत नाही म्हणजे काय ते सांगायला नको. बाहेर मोकळ्या प्लॉटांमधून छबुबाईची हाक फिरत होती, "मैने! ए मैने!"

सकाळी छबुबाई मला घेऊन पोलीस चौकीत गेली. हवालदार चहा पीत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "संशयित हाय, तर पुरावा लागतो. पुरावा आणा, मग लिहू."

"पुरावा डब्यात अडकलाय," मी म्हणालो.

"काढा मग."

"तो काढताना पुसला जाईल अशी भीती आहे."

हवालदारांनी कप खाली ठेवला. "पुसला तर पुरावा नष्ट केला आसं होतं. मग तुमचं बी नाव घ्यावं लागल." काल माझं नाव कुठंतरी लिहिलं जावं म्हणून मी केवढा आटापिटा केला होता! आता ते कुठंच लिहिलं जाऊ नये म्हणून मी मनातल्या मनात मन्मथस्वामींना नारळ बोललो. उठताना हवालदारांनी वर शेळीचा फोटो मागितला. छबुबाईकडे फोटो होता, पण त्यात शेळी बाटलीनं दूध पीत होती. "ही लहान हाय," हवालदार म्हणाले. "चोरीला मोठी गेली ना?"

तिथून मी डबा पिशवीत घालून बसस्टँडजवळच्या अभिमन्यूच्या दुकानात गेलो. तो कॅमेरे विकतो आणि बसवतो. त्यानं डिस्क काढून आपल्या संगणकाला लावली. संगणकानं पहिलं काय विचारलं असेल? 'फॉरमॅट करायची?' जगातल्या समस्त यंत्रांना एकच औषध ठाऊक आहे याची मला खात्री पटली.

"आप्पा, यात काय बी दिसत न्हाई. कोरी हाय," अभिमन्यू म्हणाला.

त्याच्या दुकानातल्या सगळ्या पडद्यांवर मी मला वेगवेगळ्या बाजूंनी दिसत होतो. एकातही माणूस बरा दिसत नव्हता. डोळ्यांपुढं एकच येत होतं. तानाजीच्या दारात पाहुणे आलेत, आणि कुणीतरी त्यांना कोपऱ्यात घेऊन काही सांगतंय. अभिमन्यू नव्या डब्याचं पत्रक माझ्या हातात देत होता, तेवढ्यात प्रविणचा फोन आला.

"दाजी, आत्ता उठलो. रात्री फोन न बगताच झोपलो हुतो, ताईचे लई फोन दिसले. काय झालं? आन आधी सांगा, कुणी फॉरमॅट तर न्हाई ना केलं?"

"नाही. पण डिस्क कोरी आहे म्हणतात."

"कोरी न्हाई. ती दुसऱ्या पद्धतीनं बांधलीय, साध्या कॉम्प्युटरला वाचता येत न्हाई. तिला हात लावू देऊ नका. घरी जा, फाइलीचा फोटो पाठवा."

मी इतक्या लगबगीनं निघालो की अभिमन्यूचं पेन माझ्या खिशात आलं. घरी डिस्क जागेवर बसवली, फोटो पाठवला. फोनवर बराच वेळ नुसता प्रविणचा श्वास ऐकू येत होता. बैठकीत एका भिंतीला छबुबाई, दुसऱ्या भिंतीला तानाजी, आणि मधे विजयसिंह सल्ला देण्याच्या तयारीत.

"फाईल तर बरोबर हाय दाजी," प्रविण म्हणाला. बरोबर असलेल्या गोष्टीला दुरुस्त कसं करायचं? मग त्यानं विचारलं, "सेव करताना लॅपटॉपनं काही इचारलं हुतं का?"

मी चौकटीचं सांगितलं.

"आत्ता कळलं! तुमी मराठी अक्षरं घातली, तवा सगळी फाईलच निराळ्या पद्धतीनं सेव झाली. नंतर नाव खोडलं, पण पद्धत तीच राहिली. आपल्याला दिसत न्हाई, डब्याला मात्र दर अक्षरामागं एक रिकामी जागा दिसती. त्याला एक ओळ लागंना."

"म्हणजे त्याला मराठी येत नाही?" मी जरा दुखावूनच विचारलं.

"दाजी, तुमच्यामुळं त्याला आता इंग्रजी बी येईना."

मग तो सांगेल तसं मी करत गेलो. फाईल उघडली. 'सेव ॲज' केलं. तळाशी एक बारीक चौकट होती, तिच्यात जुनी पद्धत निवडली. तेवढंच. एवढ्याशा गोष्टीसाठी कालपासून माझ्या तोंडाला चव नव्हती. कार्ड घाईत दोनदा उलटं खोचलं. मंजुषानं पिठाच्या डब्यातून माउस काढून पदरानं पुसला.

चिन्ह आलं. टिंग. पडदा काळा.

 मी खाली बसलो. तानाजीनं डोळे मिटून घेतले. पडदा काळाच होता, पण दुसरं टिंग येत नव्हतं. मग हळूच आमची गल्ली उजळली. ऊन, भिंत, विजयसिंहांची जीप, आणि कोपऱ्यात 'कॅम वन'. मला तो मुलासारखा वाटला.

आम्ही कालची दुपार लावली. आधी बराच वेळ काहीच घडेना. मग विजयसिंह आले, इकडंतिकडं बघून त्यांनी आमच्या कुंपणातली जास्वंदीची फुलं तोडून पिशवीत टाकली आणि गेले. बैठकीत विजयसिंह खोकले. "ते पुढं घ्या जरा," म्हणाले. पुढं एक टेम्पो आला. तानाजीनं बांधकामासाठी टाकलेल्या वाळूच्या ढिगाला लागून उभा राहिला. ड्रायव्हर उतरून बाटली भरून घ्यायला विजयसिंहांच्या दाराकडे गेला. टेम्पोचं मागचं फाळकं उघडं, आणि आत दूर्वा, केळीचे खांब, झेंडू यांचा डोंगर.

भिंतीच्या सावलीतून मैना पुढं आली. दावं ताणलं. पुन्हा ताणलं. तुटलं. मग एवढ्या जड पोटाची ती शेळी सावकाश, कुठलीही घाई न करता, वाळूचा ढीग चढली, वर क्षणभर थांबली आणि घरात शिरावं तशी टेम्पोत शिरली. ड्रायव्हर आला, त्यानं फाळकं लावलं आणि टेम्पो निघून गेला. त्याच्यानंतर, खूप नंतर, तानाजीची मोटारसायकल गेली. पोतं रिकामं होतं, वाऱ्यावर फडफडत होतं.

 छबुबाई तानाजीकडे बघायचं टाळून पडद्याकडेच बघत राहिली.

टेम्पोच्या मागं 'मोरया फुलवाले' असं रंगवलेलं होतं आणि खाली फोन नंबर. मी लावला. पलीकडं घंटा, कर्णे आणि गर्दीचा कालवा. "शेळी? हाय ना! आमाला वाटलं कुणीतरी गणपतीला सोडली. लिंबागणेशला या, आज अंगारकी हाय. आन जरा लौकर या, कारण ती..." आणि फोन कटला. पुन्हा लागलाच नाही.

ती काय? ह्या अर्ध्या वाक्यानं छबुबाईचा जीव टांगणीला लागला. विजयसिंहांनी जास्वंदीचं प्रायश्चित्त म्हणून न सांगता जीप काढली. तानाजीही चढून बसला. "मी येणारच. आळ माझ्यावर हाय," एवढंच बोलला. वाटेत हवालदारांचा फोन आला. "पुरावा निघाला का? आरोपी कोण?"

"साहेब, शेळी आपल्या पायांनी गेली."

"मग शेळीच आरोपी?" ते जरा विचारात पडले. "तसं लिहिता येत न्हाई. बंद करतो."

लिंबागणेशला गर्दी अशी की जीप लांबच उभी करावी लागली. मोरया फुलवाल्याची राहुटी मंदिरामागं होती, आणि तिच्यापुढं बायकांचं कोंडाळं जमलं होतं. एक बाई ओटी भरल्यासारखे तांदूळ टाकत होती. आत, दूर्वांच्या पेंढ्यांवर, कपाळाला कुंकू आणि गळ्यात अर्धा खाल्लेला झेंडूचा हार घालून मैना बसली होती, आणि तिच्या पोटाशी दोन पिलं धडपडत होती. एक काळं, एक कबरं. त्यांचे पाय अजून नीट उभे राहत नव्हते.

फुलवाला माणूस चांगला होता पण पक्का होता. "देवाच्या दारी व्यालेली शेळी हाय. तुमचीच कशावरून?"

हीच ती वेळ. मी घाईघाईनं खिशातून मोबाईल काढला. निघताना पडद्यावरचं सगळं मी त्यात टिपून घेतलं होतं. दावं, ढीग, टेम्पो, सगळं. मी घसा साफ केला. "हे पाहा," मी सुरुवात केली, "माझ्या घरच्या कॅमेऱ्यानं..."

"मैने," छबुबाई म्हणाली. अगदी हळू.

मैना 'बें' करून ओरडली, पिलांना सोडून उठली आणि येऊन छबुबाईच्या पोटाला डोकं घासायला लागली. फुलवाला म्हणाला, "न्या बाबा." कोंडाळ्यातल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. माझ्या मोबाईलवर टेम्पोचं फाळकं एकटंच उघडझाप करत राहिलं. माझं फुटेज त्या दिवशी कुणीही बघितलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही ते बंद करायचं भान राहिलं नाही.

परतताना जीपमध्ये मागं छबुबाई बसली. मैना तिच्या पायांशी, कबरं पिलू मांडीवर. काळं पिलू ठेवायला जागाच नव्हती. तिनं ते उचललं, समोर बसलेल्या तानाजीकडे न बघता पुढं केलं आणि म्हणाली, "धरा भावजी. वारं लागंल त्याला." तानाजीनं धरलं.  मग ती म्हणाली, "माजी जीभ लई वंगाळ हाय."

तानाजी बाहेर बघत होता. थोड्या वेळानं त्याच्या धोतरावर ओल पसरायला लागली. छबुबाईनं ते पाहिलं आणि पिलू घ्यायला घाईनं हात पुढं केले.

"राहू द्या वहिनी," तानाजी म्हणाला, आणि उपरण्याचं टोक काढून त्यानं पिलाच्या अंगावर पांघरलं. "लेकरू हाय."